आहे त्या स्थितीत

"साहेब, कुलूप लावाच्या आधी एक डाव ढेपीले हात लावून पाहा," पुंजाजी म्हणाला.

देवमनने काखेतली फाइल सांभाळत ढिगाच्या कडेला तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला. तव्यावरून नुकतीच टोपलीत टाकलेली भाकरी असते तेवढी ती ढेप गरम होती. इंजिन बंद होऊन अर्धा तासही झाला नव्हता. जवस गाळून उरलेला चोथा यंत्राच्या तोंडातून वड्या वड्या होऊन बाहेर पडला होता आणि घाईघाईने कोपऱ्यात कमरेइतका रचून ठेवला होता.

"गरम हाये खरी," तो म्हणाला.

"दोन रोज आंगनात पसरा लागते तिले, मंग पोत्यात भरतो आमी. शेंगदान्याच्या ढेपीचं काई वाटत नाई, पन जवस लय तापट. ढीग करून कोंडली तं अंदरच्या अंदर तापत जाते, अन् पेट घेते. अन् ते तेलानं चिंब गोनपाट पाहा, तेबी तिथंच पडेल हाये. तेवढं बाहेर काढू द्या. मंग लावा तुमचं कुलूप, मी सोता धरतो मेनबत्ती."

पुंजाजीचा जन्म घाण्याभोवती गेला होता. आधी बैलाच्या, मग इंजिनाच्या. त्याचं बोलणं उडवून लावावं असा तो माणूस नव्हता, हे देवमनला कळत होतं. पण देवमन वाशीमच्या दिवाणी कोर्टाचा बेलीफ होता आणि त्याच्या फाइलीत एक हुकूम होता. चौदा वर्षांच्या नोकरीत त्याने हुकमातला काना-मात्राही इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. कोर्टातले कारकून त्याची थट्टा करत. म्हणत, देवमनला विहिरीत उडी मारायचा हुकूम दिला तर तो आधी विहिरीचा सर्व्हे नंबर विचारेल. तो हसायचा आणि नंबर विचारायचाच.

त्याने पुन्हा कागद उघडला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादी दुर्गाबाई यांनी तेलगिरणी चालवू नये. यंत्र, कच्चा माल व तयार माल आहे त्या स्थितीत बेलीफमार्फत सीलबंद करावा. पुढील तारीख उन्हाळी सुटीनंतर.

"आहे त्या स्थितीत," त्याने मोठ्याने वाचलं.

"बराबर," दारातून आवाज आला. वादी माणिकरावांचा मुनीम गोविंदा छत्री टेकून उभा होता. "बेलीफसाहेब, एक बी पोतं हललं तं आमी अर्ज देऊन. उद्याच्याले म्हनतीन का रातोरात माल काढून नेला. मंग तुमी बी फसान अन् आमी बी."

दुर्गाबाई कडुनिंबाखाली उभी होती. चाळिशीची बाई, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. भांडणाऱ्या बायका देवमनने खूप पाहिल्या होत्या. हुकूम फाडणाऱ्या, अंगावर रॉकेल ओतून घ्यायला निघालेल्या, पाया पडणाऱ्या. ही यातलं काहीच करत नव्हती, आणि त्याचंच त्याला ओझं झालं होतं.

"हा तात्पुरता हाये, बाई," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "जून महिन्यात कोर्ट उघडलं का तुमचे वकील बोलतीन. तात्पुरता म्हंजे तात्पुरता."

"तोवर जवस कोनाची वाट पाहीन?" तिने विचारलं.

त्याने पंचनामा लिहायला घेतला. यंत्र एक, इंजिन एक, जवसाची पोती बत्तीस, तेलाचे डबे अकरा, ढेपीचा ढीग एक. मग त्याने लिहिलं, 'ढेप गरम असल्याचे कामगार', आणि गोविंदाने मान पुढे केली.

"हे काहून लिहून राह्यले? पंचनाम्यात डोयानं दिसते ते लिहा लागते. गरम का थंड, हे काय दिसते? अन् लिहान तं आमची सही नाई भेटनार."

बेलीफच्या पंचनाम्याला पंचांची सही लागते. हजर असलेले दोन्ही पंच गोविंदानेच आणले होते आणि दुसरे मिळवायला उन्हातून मालेगाव रस्त्यावरून वाशीम गाठावं लागलं असतं. एप्रिलअखेरचं ऊन होतं. कोर्ट सकाळचं असल्यामुळे बेलीफांचे वरिष्ठ नाझरसाहेब बाराला कपाट बंद करून घरी जात आणि किल्ली त्याआधी जमा करायची होती. देवमनने ते अर्धं वाक्य खोडलं, खोडल्यावर नियमाप्रमाणे सही केली आणि दार ओढून घेतलं. सुतळीच्या गाठीवर लाख टपकली. त्याने पितळी शिक्का दाबला. छान उठला.

गोविंदा निघून गेला. पुंजाजी मात्र बंद दाराकडे बघत उभा होता. घरात कोणी आजारी असलं की माणसं दाराबाहेर उभी राहतात, तसा.

*

गोष्ट साधी होती. दुर्गाबाईचा नवरा शालिग्राम याची वाशीमच्या बाजारात तेलगिरणी होती. सत्तर साली तो आजारी पडला आणि त्याने ती माणिकरावांना विकली. विकताना माणिकरावांनी कागदात एक ओळ घालून घेतली. दहा वर्षं पंधरा मैलांच्या आत विकणाऱ्याने हा धंदा करायचा नाही. शालिग्राम दीड वर्षात गेला. मग दुर्गाबाईने भावाच्या शेतात, रस्त्याला लागून, दगडी भिंतींची आणि टिनाच्या छपराची एक खोली उभारली, जुनं यंत्र आणलं आणि पुंजाजीला बोलावून घेतलं.

तोवर माणिकराव गावात एकटेच होते. एकट्याच्या गिरणीत गाळणावळ वाढते, तेल कमी उतरतं आणि शेतकऱ्याने ढेप मागितली तर ती उंदरांनी खाल्लेली असते. दुर्गाबाईकडे शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत जवस तोलून घेत आणि ढेप परत देत. दोन हंगामांत निम्म्या बैलगाड्या बाजारात न जाता रस्त्यावरच थांबू लागल्या. मग माणिकरावांना ती जुनी ओळ आठवली.

ओळीवर सही शालिग्रामची, धंदा बायकोचा. ती ओळ तिला लागते की नाही, याचा निकाल व्हायला वर्षं जाणार होती, हे दोन्हीकडच्या वकिलांना माहीत होतं. म्हणून माणिकरावांच्या वकिलाने निकाल मागितलाच नाही. त्याने उन्हाळी सुटीच्या आदल्या दिवशी, दुसरी बाजू हजर नसताना, फक्त तात्पुरता मनाई हुकूम मागितला. चाळीस दिवस कोर्ट बंद राहणार होतं. जवसाचा हंगाम तेवढाच असतो.

हे सगळं देवमनला कळत नव्हतं असं नाही. पण त्याचा बाप गावकीचा निरोप्या होता. पाटलाने सांगितलेला निरोप घेऊन उन्हातान्हात पळायचा आणि निरोप वाईट निघाला की मारही तोच खायचा. छप्पन साली त्यांनी धर्म बदलला, गावकी सोडली, आणि चार वर्षांनी देवमनला कोर्टात नोकरी लागली. निरोपच पोचवायचे, पण शिक्क्याचे. कागदावर आहे तेवढंच आपण करायचं, म्हणजे कोणाचा मार खावा लागत नाही, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. कायद्यावर त्याचा जीव होता. हे तो कोणाला बोलून दाखवत नसे, बायको सोजरबाईलाही नाही.

त्या रात्री जेवताना सोजरबाई म्हणाली, "हाताले कशाचा वास येऊन राह्यला?"

"जवसाचा."

"धुतले नाई काय?"

"धुतले," तो म्हणाला.

*

तिसऱ्या दिवशी तो सायकलने मालेगाव रस्त्याला गेला. काम काही नव्हतं. सील तपासायला आलो, असं त्याने सांगितलं.

वास शंभर पावलांवरूनच आला. तळणाचं तेल विस्तवावर विसरून राहिल्यासारखा. दुर्गाबाई निंबाखाली बसली होती आणि तिच्याभोवती पाण्याने भरलेली भांडी होती. हंडे, घागरी, तेलाचे रिकामे डबे, गुरांचं घमेलंसुद्धा. तिने ती एका रांगेत मांडली होती.

देवमनने दाराला हात लावला. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखं ते दार लागत होतं. ते ऊन नव्हतं, कारण दार उत्तरेला होतं.

"अंदर शिजून राह्यलं," पुंजाजी म्हणाला. "अजून दोन रोज, फार तं तीन. मी काल टिनावर चढून पाह्यलं, पाय ठरत नाई."

"खिडकीतून पानी मारा ना."

"खिडकी तुमीच बंद केली, अंदरून, खिळे ठोकून. हुकमात होतं म्हने."

रस्त्यापलीकडे बाभळीच्या सावलीत छत्री टेकून गोविंदा बसला होता. कालही होता, परवाही होता, असं पुंजाजीने सांगितलं.

"तो कायची वाट पाहून राह्यला, तुमाले समजते काय?" दुर्गाबाई म्हणाली. "मी कुलूप तोडाची. मी तोडलं का कोर्टाचा अपमान. मले जेल, अन् दावा त्याहीच्या खिशात. मी तोडनार नाई, साहेब. कुलूप तुमचं हाये. तुमी लावलं, तुमीच काढा."

तो तसाच सायकलवर नाझरांच्या घरी गेला. सीलाच्या किल्ल्या त्यांच्याच कपाटात असत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी देवमनला ओट्यावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"जज्जसाहेब गावी गेले. आता अर्ज द्या लागते अकोल्याले, सुटीतल्या जज्जापुढे. दुसऱ्या पार्टीले नोटीस. नाईतं मंग दुसऱ्या पार्टीनं लिहून द्यावं का आमची हरकत नाई. तसं लिहून आनशीन तं आत्ता देतो किल्ली."

देवमन माणिकरावांकडे गेला. भर दुपार होती. जाण्याआधी त्याने कोर्टाच्या माठातलं दोन पेले पाणी पिऊन घेतलं होतं. कोणत्या घरी पाणी मिळेल आणि कोणत्या घरी नाही, हे बेलीफला चौदा वर्षांत पाठ होतं. माणिकराव झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी त्याला उभंच ठेवलं, पण बोलले गोड.

"देवमन, कोर्टाच्या कामात मी कसा पडू? माह्या हातात काय हाये? मी मागतलं, कोर्टानं देलं. आता जे हाये ते तसंच राहू द्या. कायदा तुमचाच हाये ना आता? मंग तुमीच पाळा."

"आग लागीन, मालक."

"तिची गिरनी हाये. तिच्या गिरनीले आग लागीन तं ती पाहीन."

झोपाळ्याची कडी करकरत राहिली. देवमनने मान खाली घातली आणि तो बाहेर आला. मालक हा शब्द आपल्या तोंडून कसा निघाला, हे त्याला कळेना. चौदा वर्षांत तो शब्द त्याने कधी वापरला नव्हता.

*

दुर्गाबाईच्या वकिलाने अर्ज लिहिला आणि म्हटलं, बेलीफ स्वतः हजर असला तर साहेब लवकर ऐकतील. नाझरांनी जरा विचार केला आणि पाकिटात घातलेली किल्ली सही घेऊन देवमनच्या हाती दिली. म्हणाले, "हुकूम भेटला तं तसाच गिरनीवर उतर. माही वाट नको पाहू. पन हुकूम भेटला तरच."

पाचव्या दिवशी सकाळी तो वकिलाबरोबर अकोल्याच्या एस.टी.त बसला. किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात होती. मालेगाव रस्त्यावर गाडी गिरणीसमोरून गेली. टिनाच्या फटीतून धूर म्हणावा असं काही दिसत नव्हतं, पण टिनावरची हवा थरथरत होती. दुर्गाबाई भांड्यांच्या रांगेजवळ उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं. खिडकीतला देवमन तिला दिसला असेल किंवा नसेल.

त्याचा हात वरच्या दोरीकडे गेला. घंटी वाजवली असती तर गाडी थांबली असती. उतरलं असतं, किल्ली लावली असती, दोन माणसांनी फावड्याने ढेप बाहेर ओढली असती. अर्ध्या तासाचं काम. आणि गोविंदा बाभळीखालून उठला असता. हुकमाशिवाय बेलीफनेच कोर्टाचं सील तोडलं, असा अर्ज संध्याकाळच्या आत गेला असता. मग नोकरी, पेन्शन, सोजरबाई, आणि बाप जे करत आला त्या कामावर परत.

त्याने हात खाली घेतला. कागद घेऊनच येऊ, असं त्याने स्वतःला सांगितलं. एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

अकोल्याला सुटीतल्या जज्जांनी अर्ज वाचला, देवमनला दोन प्रश्न विचारले आणि चष्मा काढला. "ही ढेप आतच का ठेवली?" त्यांनी विचारलं.

"हुकूम तसा होता, साहेब."

जज्जांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी दुसऱ्या बाजूच्या नोटिशीची वाट न पाहता दहा ओळींत लिहून दिलं. बेलीफच्या देखरेखीखाली सील उघडावे, ढेप व ज्वालाग्राही माल बाहेर काढावा, नंतर पुन्हा सील करावे. विलंब करू नये. दहा मिनिटांचं काम होतं. नक्कल आणि शिक्का मिळायला मात्र चार वाजले.

परतीच्या गाडीत देवमनने कागद गुडघ्यावर धरून ठेवला होता. दिवस मावळायला आला होता. मालेगाव मागे पडलं आणि कंडक्टर पुढच्या काचेतून बघत ड्रायव्हरला म्हणाला, "कोनाची गंजी पेटली वाटते."

देवमन उभा राहिला. गाडीत शेतकरी होते, तेही वाकून बघू लागले. गंजीचा धूर पांढरा असतो, हा काळा आणि तेलकट होता आणि सरळ उभा चढत होता. दोरी ओढायची त्याला गरज पडली नाही. रस्त्यावर माणसं होती म्हणून गाडी आपोआपच थांबली.

छप्पर आत कोसळलं होतं. दगडी भिंती उभ्या होत्या आणि मधून डबे फुटल्याचे आवाज येत होते. सगळी भांडी रिकामी होऊन आडवी पडली होती. पुंजाजीचा एक हात कोपरापर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता. दार अर्धं जळून एका बिजागरीवर लोंबत होतं, पण कडी आणि कुलूप चौकटीला धरून होती. लाख वितळून कुलपाखाली ओघळली होती. कुलूप बंद होतं.

"पुंजाजीनं कुऱ्हाड आनली होती," दुर्गाबाई म्हणाली. तिचा आवाज धुराने बसला होता. "धूर निंगाला तवाच आनली. मी धरली त्याची कुऱ्हाड. मुनीम तिथं उभा होता ना, पाहून राह्यला होता. आता वाटते मले, मी वेडी होतो. धराले नव्हती पायजे."

देवमनने कागद पुढे केला. दुसरं काय करावं, हे त्याला सुचलं नाही.

"हे काय?"

"उघडाचा हुकूम."

तिने तो घेतला. जाळाच्या उजेडात वाचता आला असता, पण तिने वाचला नाही. पोच म्हणून सही लागते, हे तिला एव्हाना माहीत झालं होतं. तिने त्याच्याकडे पेन मागितलं, सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं. देवमनला वाटलं, हिने आपल्याला मारावं. बापाला मारायचे तसं. तिने मारलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी नाझरांच्या ओट्यावर अहवाल लिहायचा होता. गोविंदा आधीच येऊन बसला होता.

"पुंजाजी बिडी पेते," तो म्हणाला. "सगळ्यायले माईत हाये. तेवढं लिहा, झालं."

नाझरांनी त्याला घालवून दिलं आणि फाटक लोटून घेतलं. "बिडी नको लिहू. कारण समजले नाही, असं लिही. कुलूप शाबूत, शिक्का वितळला, माल जळाला. बस. तुह्यावर काई येत नाई. तू हुकमापरमानंच केलं."

देवमनने लिहायला घेतलं. कुलूप बंद स्थितीत आढळले. यंत्र, इंजिन, माल पूर्ण जळाला. त्याचं अक्षर वळणदार होतं. कोर्टातले वकील त्याचे अहवाल एकमेकांना दाखवत. मग त्याने एक ओळ सोडली आणि लिहिलं:

'सील लावतेवेळी कामगार पुंजाजी यांनी ढेप गरम असल्याचे व ती कोंडल्यास पेट घेईल असे मला सांगितले होते. हे मी पंचनाम्यात लिहिण्यास घेतले व खोडले. मी स्वतः ढेपीला हात लावून पाहिला होता. ढेप गरम होती.'

नाझरांनी वाचलं. "हे कायले लिहतं? नोकरी जाईन, येड्या. तुले कोन इचारलं?"

"त्या दिशी लिहाचं राह्यलं होतं," देवमन म्हणाला. त्याने खाली तारीख घातली, वेळ घातली आणि सही केली.

त्याला निलंबित केल्याचा कागद आठवड्याने आला. तो घरी आणून देणारा बेलीफ त्याच्याच हाताखाली शिकलेला होता. तो दारात घुटमळला. पोच कुठे घ्यायची, ते देवमनने त्याला बोट ठेवून दाखवलं.

*

जूनमध्ये कोर्ट उघडलं. तात्पुरता मनाई हुकूम अजून लागूच होता. चालवायला काही उरलं नव्हतं, पण तो उठवायला अर्ज करावा लागतो आणि अर्जाला तारीख पडते. माणिकरावांच्या वकिलाने मुदत मागून घेतली होती. बाजारातल्या गिरणीसमोर बैलगाड्यांची रांग वाढली होती.

पुढच्या तारखेला देवमन आपल्या अहवालावर साक्ष द्यायला आला. धुतलेलं धोतर, बंद गळ्याचा शर्ट. व्हरांड्यातल्या बाकावर पक्षकार बसतात. चौदा वर्षं तो त्या बाकासमोरून फाइली घेऊन ये-जा करत आला होता, पण बसला कधी नव्हता. आजही तो खांबाला टेकून उभा राहिला.

बाकाच्या टोकाला दुर्गाबाई होती. शेजारी पुंजाजी होता. त्याच्या हातावरची कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसत होती. तिने देवमनकडे पाहिलं. मग मांडीजवळची पिशवी उचलून खाली ठेवली आणि जरा सरकली. देवमन येऊन बसला. तिघंही समोर पाहत राहिले.

शिपाई बाहेर आला. कोर्टाच्या दारातून साक्षीदाराचं नाव तीनदा पुकारतात. पहिल्या हाकेला कोणी उठत नाही. बिडी विझवतात, टोपी शोधतात, वकिलाकडे पाहतात. तिसऱ्या पुकाऱ्याला धावत सुटतात. ही सगळी गंमत देवमनने जन्मभर आतून पाहिली होती.

शिपायाने कागद वर धरला. नाव वाचताना तो थोडा अडखळला.

पहिल्याच पुकाऱ्याला देवमन उठला.